सादृश्य, साहचर्य आणि समावेश : इंग्रजी अलंकारविचारातील सीमारेषांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत अलंकारांचे प्रकरण बहुधा अखेरीस येते. सिमिली, मेटॅफर, मेटॉनिमी, सिनेक्डकी, आयरनी अशी नावे, प्रत्येकाची एका वाक्याची व्याख्या आणि दोन-तीन उदाहरणे, असा त्याचा ठरीव आराखडा असतो. राजसत्तेला ‘मुकुट’ म्हटले की मेटॉनिमी, कामगाराला ‘हात’ म्हटले की सिनेक्डकी, हे विद्यार्थी पाठ करतो. मुकुट हा राजवेषाचा एक भाग असताना तो अवयव का मानायचा नाही, अशी शंका एखाद्या चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात आली, तर तिचे उत्तर व्याख्येत सापडत नाही.

ही शंका पोरकट नाही. सुमारे तेवीसशे वर्षे पाश्चात्त्य अलंकारशास्त्र याच शंकेशी झगडत आले आहे. या अलंकारांमधील सीमारेषा निसर्गतः आखलेल्या नाहीत. त्या निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांपोटी आखल्या, पुसल्या आणि पुन्हा आखल्या गेल्या. ग्रीकांना त्या तर्कासाठी हव्या होत्या, सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांना शास्त्रवचनाच्या अर्थासाठी, एकोणिसाव्या शतकातील प्राध्यापकांना मानसशास्त्रासाठी आणि विसाव्या शतकातील भाषावैज्ञानिकांना भाषेच्या घडणीसाठी. सीमारेषा बदलल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र टिकून राहिला : बोललेली वस्तू आणि अभिप्रेत वस्तू यांच्यामध्ये नाते कोणते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहास इंग्रजी परंपरेच्या अनुषंगाने तपासला आहे.

२. ग्रीक आणि लॅटिन वारसा

ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या एकविसाव्या प्रकरणात मेटॅफरची जी व्याख्या केली, ती आजच्या व्याख्येपेक्षा पुष्कळ व्यापक आहे. एका वस्तूचे नाव दुसऱ्या वस्तूस देणे म्हणजे मेटॅफर. आणि हे स्थलांतर सामान्याकडून विशेषाकडे, विशेषाकडून सामान्याकडे, एका विशेषाकडून दुसऱ्या विशेषाकडे किंवा प्रमाणसाम्याने, असे चार प्रकारे होते. यांपैकी पहिले दोन प्रकार पुढे सिनेक्डकीच्या खात्यावर जमा झाले. आरंभी एकच घर होते आणि त्याच्या वाटण्या नंतर झाल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

सिमिली आणि मेटॅफर यांबाबतही असेच घडले. ॲरिस्टॉटलच्या मते सिमिली हाही मेटॅफरच होय; फरक अगदी थोडा. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने हे नाते उलटे केले. त्याच्या दृष्टीने मेटॅफर ही संक्षिप्त सिमिली होय. ‘सारखा’, ‘जणू’ असा वाचक शब्द असला तर सिमिली आणि नसला तर मेटॅफर, ही शालेय कसोटी याच दृष्टीची दूरची वंशज आहे. परंतु वाचक शब्द ही केवळ बाह्य खूण आहे. एक भाऊ दुसऱ्याइतका उंच आहे, या वाक्यात तुलनावाचक शब्द असूनही सिमिली नाही, कारण दोन्ही बाजू एकाच जातीच्या आहेत. भिन्न जातीच्या वस्तूंमध्ये साम्य दिसले, तरच अलंकार संभवतो.

इसवीसनपूर्व पहिल्या शतकातील ‘रेटोरिका आद हेरेन्नियम’ या लॅटिन ग्रंथात मेटॅफर, मेटॉनिमी आणि सिनेक्डकी यांना स्वतंत्र लॅटिन नावे मिळाली. मात्र वाटणी झाली तरी मधली भिंत पक्की झाली नाही. मेटॉनिमी ही सिनेक्डकीपासून फारशी दूर नाही, असे स्वतः क्विंटिलियननेच नोंदविले आहे. चौथ्या शतकात दोनातुसने तेरा ट्रोप मोजले. आठव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास इंग्लंडमधील जॅरो येथील मठात बीडने तीच तेराची यादी घेऊन उदाहरणे मात्र बायबलमधून दिली. अलंकारांचे ज्ञान हे धर्मग्रंथाच्या वाचनाचे साधन होय, ही इंग्लंडमधील दृष्टी तेव्हापासूनची आहे. तिचे गंभीर परिणाम सोळाव्या शतकात दिसून आले.

३. भाकर आणि शरीर

अखेरच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्ताने भाकर हाती घेतली आणि ती आपले शरीर असल्याचे शिष्यांना सांगितले. हे विधान वाच्यार्थाने घ्यायचे की लक्ष्यार्थाने, आणि लक्ष्यार्थाने घ्यायचे तर त्यातील अलंकार कोणता, या प्रश्नावर धर्मसुधारणेची चळवळ आतूनच दुभंगली. रोमच्या मताप्रमाणे भाकरीचे द्रव्यच पालटते. तेथे अलंकाराला जागा नाही. झुरिकच्या झ्विंग्लीने १५२५ मध्ये क्रियापदात लक्षणा मानली. त्याच्या मते ‘आहे’ याचा अर्थ ‘दर्शविते’ असा होतो. बाझलच्या एकोलाम्पाडियसने क्रियापद तसेच ठेवून ‘शरीर’ या नामात अलंकार पाहिला. शरीर म्हणजे शरीराचे चिन्ह. मार्टिन ल्यूथरला दोन्ही अर्थ अमान्य होते. १५२८ च्या आपल्या ग्रंथात त्याने सिनेक्डकीचा आधार घेतला. नाण्यांनी भरलेल्या थैलीकडे बोट दाखवून ‘हे शंभर गुल्डेन’ असे म्हटले, तर थैलीही तेथे असते आणि नाणीही. त्याचप्रमाणे भाकरही तेथे आहे आणि शरीरही, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी मारबुर्ग येथे दोन्ही पक्ष समोरासमोर आले. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले. जे राहिले ते याच मुद्द्यावर. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने नंतर मेटॉनिमी हे नाव स्पष्टपणे वापरले : चिन्हाला चिन्हिताचे नाव दिले आहे, परंतु ते चिन्ह रिकामे नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. ल्यूथरने दिलेले थैलीचे उदाहरण आजच्या कोणत्याही हस्तपुस्तिकेत आधार आणि आधेय यांच्या संबंधाचे, म्हणजेच मेटॉनिमीचे उदाहरण म्हणून आले असते. ल्यूथरने त्याला सिनेक्डकी म्हटले, कारण बोललेली आणि अभिप्रेत अशा दोन्ही वस्तू एकत्र आणि प्रत्यक्ष उपस्थित असणे त्याला आवश्यक होते. समग्रात अंश असतोच. चिन्हात चिन्हित असेलच असे नाही. अलंकाराच्या नावाची निवड ही येथे उपस्थितीविषयीच्या श्रद्धेची निवड होती.

इंग्लंडमध्ये या वादाची किंमत प्राणांनी मोजावी लागली. आर्चबिशप टॉमस क्रॅन्मरने १५५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे विधान आलंकारिक असल्याचे प्रतिपादन केले. मेरी ट्यूडरच्या राजवटीत त्याच्यावर पाखंडाचे जे आरोप ठेवले गेले, त्यांत या मताचा अंतर्भाव होता. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्ड येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. क्रॅन्मरचा ग्रंथ निघाला त्याच साली, १५५० मध्ये, रिचर्ड शेरीचा स्कीम आणि ट्रोप यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषेतील अलंकारांचा हा पहिला स्वतंत्र ग्रंथ. १५५३ मध्ये ‘द आर्ट ऑफ रेटोरिक’ लिहिणारा टॉमस विल्सन मेरीच्या काळात देशत्याग करून इटलीत गेला आणि रोममध्ये धर्मन्यायसभेच्या कैदेत पडला. आपल्या तर्कशास्त्रावरील आणि वक्तृत्वशास्त्रावरील पुस्तकांमुळे आपल्याला पाखंडी ठरविण्यात आले, असे त्याने १५६० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. १५५९ मध्ये पोप चौथा पॉल मरण पावला, तेव्हा उसळलेल्या दंगलीत तुरुंग फुटला आणि तो सुटला. ही पार्श्वभूमी पाहिली, म्हणजे त्या काळच्या अलंकारग्रंथांना निव्वळ शब्दसजावटीच्या पुस्तिका म्हणता येत नाही.

४. दोनशे की चार?

एलिझाबेथच्या काळातील ग्रंथकारांपुढे दोन मार्ग होते. पहिला मार्ग विस्ताराचा. हेन्री पीचमच्या १५७७ मधील ‘द गार्डन ऑफ एलोक्वेन्स’ या ग्रंथात अलंकारांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. १५९३ च्या सुधारित आवृत्तीत त्याने अलंकारांचे उपयोग आणि त्यांबाबतची सावधगिरी या दोन्ही बाजू नोंदविल्या. कोणता अलंकार कोठे घातक ठरतो, हे सांगणारी ही पद्धत पुढील काळात मागे पडली, ही खेदाची बाब होय. १५८९ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या आणि जॉर्ज पटनम याच्या नावे मानल्या जाणाऱ्या ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी’ या ग्रंथात ग्रीक नावांना देशी इंग्रजी प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न झाला. मेटॅफर म्हणजे वाहून नेणारा, मेटॉनिमी म्हणजे चुकीचे नाव देणारी, आयरनी म्हणजे कोरडी थट्टा, अशा धर्तीची ती नावे होती. दरबारी वाचकांना ती रुचली असतील, पण रूढ मात्र झाली नाहीत. ग्रीक नावेच टिकली.

दुसरा मार्ग संक्षेपाचा. पॅरिसचा पेत्रुस रामुस आणि त्याचा सहकारी ओमेर तालाँ यांनी सर्व ट्रोप चारांत बसविले : मेटॉनिमी, आयरनी, मेटॅफर आणि सिनेक्डकी. या चौकडीचे महत्त्व तिच्या संख्येत नाही, तर तिच्यामागील तत्त्वात आहे. प्रत्येक ट्रोपला एकेक तार्किक संबंध नेमून देण्यात आला. कार्यकारण आणि आधार-धर्म यांवर मेटॉनिमी, विरोधावर आयरनी, तुल्यतेवर मेटॅफर आणि अंश-समग्र व सामान्य-विशेष या संबंधांवर सिनेक्डकी. डडली फेनरने १५८४ मध्ये आणि एब्रहम फ्रॉन्सने १५८८ मध्ये ही व्यवस्था इंग्रजीत आणली. नावांच्या यादीकडून नात्यांच्या पद्धतीकडे झालेले हे संक्रमण इंग्रजी अलंकारविचारातील सर्वांत निर्णायक वळण मानावे लागते. त्यात एक गाठ मात्र राहून गेली. शरीर आणि हात यांचा संबंध एका वस्तूच्या अंतर्गत रचनेचा. प्राणी आणि घोडा यांचा संबंध वर्गीकरणाचा. या दोन भिन्न जातींच्या नात्यांना सिनेक्डकी या एकाच नावाखाली बांधण्यात आले. पुढील चारशे वर्षांचा बराचसा गोंधळ या गाठीतून निर्माण झाला.

सतराव्या शतकात हॉब्ज, स्प्रॅट आणि लॉक यांनी ज्ञानाच्या भाषेतून अलंकारांना हद्दपार करण्याची भूमिका घेतली. त्यामुळे सीमारेषांचा सूक्ष्म विचार काही काळ थंडावला.

५. मानसशास्त्र, परीक्षा आणि गिरणीतील ‘हात’

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विचार स्कॉटलंडमध्ये पुन्हा सजीव झाला. जॉर्ज कॅम्बेलचा १७७६ चा ग्रंथ आणि ह्यू ब्लेअरची १७८३ मध्ये छापली गेलेली एडिंबरो येथील व्याख्याने यांनी अलंकारांचा संबंध मनाच्या व्यापारांशी जोडला. ॲबर्डीनचा प्राध्यापक अलेक्झांडर बेन याने १८६६ च्या ‘इंग्लिश कॉम्पोझिशन अँड रेटोरिक’ या पुस्तकात या दिशेला काटेकोर रूप दिले. मन भेद जाणते, साम्य जाणते आणि एकत्र अनुभवलेल्या गोष्टी एकत्र स्मरते, हा त्याच्या मानसशास्त्राचा पाया होता. त्यानुसार विरोधमूलक, सादृश्यमूलक आणि साहचर्यमूलक असे अलंकारांचे वर्ग झाले. सिमिली आणि मेटॅफर सादृश्यात गेले, मेटॉनिमी साहचर्यात.

हीच वर्गवारी पाठ्यपुस्तकांच्या वाटेने भारतात पोहोचली. १९३० च्या दशकात प्रथम प्रसिद्ध झालेले आणि पिढ्यान्‌पिढ्या भारतभर वापरले गेलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण अलंकारांची विभागणी साम्य, विरोध, साहचर्य आणि रचना या चार तत्त्वांवर करते. मेटॉनिमी आणि सिनेक्डकी या दोहोंना तेथे साहचर्याच्या एकाच दालनात स्थान मिळाले आहे. बेनच्या तत्त्वाचा सांगाडा त्यात ओळखू येतो. त्यामागचा मनोव्यापाराचा विचार मात्र गळून पडला. जे ज्ञानाचे साधन होते, ते परीक्षेतील एक-दोन गुणांच्या प्रश्नाचे साहित्य झाले.

याच शतकात अलंकाराची दुसरी, अधिक कठोर बाजू व्यवहारात दिसत होती. इंग्लंडमधील गिरणीमालक कामगारांना सरसकट ‘हात’ म्हणत. १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत डिकन्सने या शब्दावर नेमके बोट ठेवले आहे. या माणसांना निसर्गाने फक्त हात, फार तर हात आणि पोट, एवढेच दिले असते तर काहींना ते अधिक सोयीचे वाटले असते, असा त्याचा उपरोध आहे. ‘हात’ ही शाळेच्या व्याख्येने सिनेक्डकी. अवयवावरून अवयवीचा बोध. परंतु जहाजावरील सर्व ‘हातां’ना डेकवर बोलावणारा कप्तान आणि शंभर ‘हात’ कमी करणारा मालक यांच्या बोलण्यात नाव एक असले, तरी व्यापार एक नाही. पहिल्या ठिकाणी हातामागे माणूस उभा राहतो. दुसऱ्या ठिकाणी माणूस वजा होतो आणि हात तेवढा उरतो.

६. विसाव्या शतकातील फेरमांडणी

हा भेद पकडण्यासाठी केवळ व्याख्या पुरेशी नाही, हे अमेरिकन समीक्षक केनेथ बर्कने ओळखले. १९४१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९४५ च्या ‘अ ग्रामर ऑफ मोटिव्ह्ज’ या ग्रंथात समाविष्ट केलेल्या निबंधात त्याने रामुसची चौकडी नव्याने मांडली. मेटॅफर म्हणजे दृष्टिकोन, मेटॉनिमी म्हणजे घट, सिनेक्डकी म्हणजे प्रतिनिधित्व आणि आयरनी म्हणजे द्वंद्वात्मकता. अमूर्ताला मूर्तात, गुणाला परिमाणात उतरविणे ही घट. अंशात समग्राचे दर्शन घडविणे हे प्रतिनिधित्व. या कसोटीला लावले असता मालकाच्या तोंडचे ‘हात’ रूपाने सिनेक्डकी असूनही कार्याने मेटॉनिमी ठरतात. हेडन व्हाइटने १९७३ च्या ‘मेटाहिस्टरी’मध्ये हीच चौकडी इतिहासलेखनाला लावली आणि मिशले, टॉकव्हिल, रांके व बुर्कहार्ट यांच्या इतिहासदृष्टींचा अनुक्रमे मेटॅफर, मेटॉनिमी, सिनेक्डकी व आयरनी यांच्याशी संबंध दाखविला.

रोमान याकबसनची वाट निराळी. १९५६ च्या त्याच्या निबंधाचा आधार वाचाघाताचे रुग्ण हा होता. काही रुग्णांना शब्दांची निवड करता येत नाही. ते सुरीला काटा म्हणतात, दिव्याला टेबल म्हणतात. त्यांची सादृश्याची शक्ती क्षीण होते आणि साहचर्य उरते. इतर काही रुग्णांची वाक्यरचना कोसळते. ते सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण म्हणतात. त्यांचे साहचर्य हरपते आणि सादृश्य उरते. यावरून मेटॅफर आणि मेटॉनिमी हे भाषेचेच दोन ध्रुव होत, असा सिद्धान्त त्याने मांडला. स्वच्छंदतावादी काव्य पहिल्या ध्रुवाकडे आणि वास्तववादी कादंबरी दुसऱ्या ध्रुवाकडे झुकते, हे त्याचे निरीक्षण साहित्यसमीक्षेत फार प्रभावी ठरले. मात्र या दोन ध्रुवांत सिनेक्डकीचे स्वातंत्र्य संपले. ती मेटॉनिमीत विलीन झाली. १९८० मध्ये लेकॉफ आणि जॉन्सन यांनीही तिला मेटॉनिमीचा एक विशेष प्रकार मानले. याउलट लिएज येथील म्यू या अभ्यासगटाने १९७० मध्ये सिनेक्डकीलाच मूलभूत ठरवून मेटॅफर ही दोन सिनेक्डकींची जोड असल्याचे प्रतिपादन केले.

रामुसच्या व्यवस्थेतील जुनी गाठ सोडविण्याचा स्पष्ट प्रयत्न १९९९ मध्ये जपानी अभ्यासक केन-इची सेतो यांनी केला. अवयव आणि अवयवी यांचा संबंध प्रत्यक्ष जगातील वस्तूंचा असतो; म्हणून तो मेटॉनिमीत जावा. सामान्य आणि विशेष यांचा संबंध मनातील वर्गांचा असतो. सिनेक्डकी हे नाव केवळ त्यासाठी राखावे. या मांडणीप्रमाणे कामगाराला ‘हात’ म्हणणे ही मेटॉनिमी होय. अन्नमात्राला ‘भाकर’ म्हणणे ही सिनेक्डकी होय. सादृश्याच्या बाजूलाही असाच पुनर्विचार झाला. ग्लक्सबर्ग आणि कायझर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये असे मत मांडले की, नोकरीला तुरुंग म्हणताना आपण तुलना करीत नाही, तर कोंडणाऱ्या सर्व गोष्टींच्या वर्गात नोकरीचा समावेश करतो. या दोन्ही मतांत ॲरिस्टॉटलचा सामान्य-विशेष विचार नव्या रूपाने परतलेला दिसतो. त्याच वर्षी गूसन्सने मेटॅफर आणि मेटॉनिमी एकाच प्रयोगात कशा गुंफल्या जातात, हे दाखवून त्यासाठी संयुक्त नावही सुचविले.

७. भारतीय वाचकाच्या दृष्टीने

इंग्रजीतील या संज्ञांचा भारतीय भाषांतून परिचय करून देताना मेटॉनिमीला ‘लक्षणा’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेचे शुद्धा आणि गौणी असे भेद केले. सादृश्यावर आधारलेली ती गौणी. सादृश्याहून अन्य संबंधांवर आधारलेली ती शुद्धा. म्हणजे ज्या रेषेवर बेन आणि याकबसन यांनी भर दिला, ती रेषा भारतीय परंपरेने लक्षणेच्या पोटात पूर्वीच आखली होती. गंगेवर गवळीवाडा आहे, असे म्हटले असता गंगेचा तीर समजायचा, हे शास्त्रकारांचे प्रसिद्ध उदाहरण सामीप्याचे, म्हणून शुद्धेचे. मठ्ठ माणसाला बैल म्हणणे हे गौणीचे. लक्षणा हा शब्द दोहोंना व्यापतो. तो केवळ मेटॉनिमीसाठी वापरला, तर इंग्रजी आणि संस्कृत अशा दोन्ही शास्त्रांतील भेद एकदमच पुसला जातो. या दोन परंपरांतील साम्य प्रभावाचे नव्हे. एकाच भाषिक व्यापाराकडे दोघींनी स्वतंत्रपणे पाहिल्याचे ते फलित मानणे अधिक सयुक्तिक होय.

८. समारोप

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. सिनेक्डकी आणि मेटॉनिमी यांच्यातील रेषा आजही वादग्रस्त आहे. त्यामुळे एखाद्या उदाहरणाला एकच बरोबर नाव असलेच पाहिजे, हा परीक्षकी आग्रह शास्त्राला धरून नाही. परंतु नावे अनिश्चित आहेत म्हणून भेदही नाहीत, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे ठरेल. सादृश्य, साहचर्य आणि समावेश ही तीन नाती भिन्न आहेत. विधान वाचताना प्रथम नाते शोधावे, मग त्या नात्यातून काय उपस्थित होते आणि काय वगळले जाते हे पाहावे, आणि नाव त्यानंतर द्यावे. मारबुर्गच्या वादात नेमका हाच प्रश्न होता : चिन्हात वस्तू उपस्थित आहे की नाही? गिरणीच्या हजेरीपटावरही प्रश्न तोच होता : हातामागे माणूस मोजला जात आहे की नाही? सरकारच्या निर्णयाऐवजी ‘दिल्लीचा निर्णय’ आणि सैनिकांऐवजी ‘बूट’ असे शब्द वृत्तपत्रांतून वाचणाऱ्याला आजही हाच प्रश्न विचारावा लागतो. अलंकार ओळखण्याचे शिक्षण या प्रश्नापर्यंत पोहोचले, तर पाठ्यपुस्तकाच्या अखेरीस येणारे ते प्रकरण भाषेच्या अभ्यासाच्या आरंभी आणण्याच्या योग्यतेचे आहे.